फिरायला गेलं तरी हिशेब सुटत नाही

वाटसरू_मी

"दोन वेगळे बेड करून देऊ का मॅडम?"

गेल्या अकरा वर्षांत हा प्रश्न किती हॉटेलांच्या काउंटरवर ऐकला, ते मोजणं मी सोडून दिलंय. विचारणारा माणूस बहुतेक वेळा भला असतो. दोन बायका, दोन बॅगा आणि बुकिंगमध्ये एकच डबल बेड, म्हणजे कुठेतरी चूक झाली असणार असं त्याला मनापासून वाटतं आणि तो ती दुरुस्त करायला बघतो. मला मात्र त्या दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. "नको, असू दे" म्हणून किल्ली घ्यायची, "आम्ही जोडपं आहोत" असं सांगायचं, की मुकाट्याने दोन बेड घ्यायचे? मागे रांगेत कोण उभं आहे, देश कुठला, तिथला कायदा काय म्हणतो, रात्री दाराची कडी नीट लागेल ना, एवढं सगळं डोक्यातून जातं. माझ्या शेजारी उभी असलेली माझी जोडीदारही तेच मोजत असते. आम्ही एकमेकींकडे बघतसुद्धा नाही, कारण बघणंही दिसतं.

एकदा खरं सांगितलं होतं. दहा मिनिटांनी आमच्या नावाची खोलीच शिल्लक नाही असं सांगण्यात आलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. परक्या शहरात बॅगा ओढत आम्ही दुसरी खोली शोधली, आणि तिथे दोन बेड मागून घेतले.

सहल, खेळ, पोहणं, पायपीट हे सगळं आपण कशासाठी करतो? थोडा वेळ तरी स्वतःवरचा पहारा उठावा म्हणून. ऑफिसात, नातेवाइकांत जपून वागावं लागतं हे मी धरूनच चालते. पण जिथे मोकळं व्हायला म्हणून जायचं, तिथेच पहारा दुप्पट करावा लागला तर ती सुट्टी कसली? आपली लैंगिकता आपण घरी ठेवून निघू शकत नाही. कोणीच शकत नाही. काहींची कोणाला दिसत नाही, एवढाच फरक.

तुमचे अनुभव लिहा. समलिंगी असाल तरी, नसाल तरी.

---

थर्डमॅन

दोनदा वाचलं. मी बायको-मुलांबरोबर फिरतो. काउंटरवर आजवर मला कोणी काही विचारलेलं नाही, आणि विचारलं नाही हेसुद्धा आज पहिल्यांदा लक्षात आलं.

प्रवासाचं पटलं, पण खेळाचं नीट समजत नाही. मैदानावर धावा आणि विकेट मोजतात. खेळाडू घरी कोणाबरोबर राहतो याचा त्याच्या कव्हर ड्राइव्हशी काय संबंध? खोचकपणे विचारत नाहीये, समजून घ्यायचंय.

---

काठावरचा

थर्डमॅन, कव्हर ड्राइव्ह मारून झाल्यावर ज्या खोलीत येऊन पॅड सोडायचे, त्या खोलीशी संबंध आहे.

मी सोळा वर्षांचा होईपर्यंत यष्टिरक्षण करायचो. चांगलं करायचो. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये एक शब्द होता, इथे लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. झेल सुटला की तो शब्द. बाउन्सरला मान वळवली की तो शब्द. कोणी रडलं तर तोच, कोणी जास्त नीटनेटकं राहिलं तरी तोच. माझ्याबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं, त्यामुळे तो शब्द कधी मला उद्देशून नसायचा. माझी अडचण तीच होती. उद्देशून असता तर भांडता आलं असतं, प्रशिक्षकांकडे जाता आलं असतं. हा शब्द हवेत होता. रोज दोन तास ती हवा श्वासात घ्यायची आणि सगळ्यांबरोबर हसायचं.

सामना संपला की सगळे तिथेच आंघोळ करायचे. मी मळक्या कपड्यांत घरी जायचो. माझी नजर चुकून कुठे गेली आणि कोणी पाहिलं तर, या भीतीने मी त्या खोलीत कायम जमिनीकडे बघत असे. तिथल्या फरशीचा रंग मला आजही आठवतो, संघातल्या निम्म्या मुलांचे चेहरे आठवत नाहीत.

मग परीक्षा आहे असं सांगून सोडलं. परत गेलो नाही. दुखापत झाली नव्हती, कोणी काढलं नव्हतं. नोंदवहीत लिहायचं झालं तर "स्वतःहून सोडलं" एवढंच लिहिता येईल. किती मुलं अशी स्वतःहून सोडतात याची नोंद कुठल्या संघाच्या वहीत सापडेल?

---

जुनीपानं

काठावरचा, तुमचं वाचून ग्लेन बर्क आठवला.

दोघांनी हात उंच करून एकमेकांना टाळी देणं, म्हणजे हाय-फाइव्ह, आज जगभरात कुठल्याही मैदानावर दिसतं. त्याची सुरुवात सहसा २ ऑक्टोबर १९७७ च्या एका बेसबॉल सामन्यापाशी नेली जाते. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या डस्टी बेकरने मोसमातला तिसावा होम रन मारला. तो परतत असताना बर्क हात उंच धरून उभा होता, बेकरने त्यावर टाळी दिली. बर्क समलिंगी होता आणि संघात अनेकांना ते ठाऊक होतं. त्याने लग्न केलं तर हनिमूनचा खर्च आम्ही उचलू, असं व्यवस्थापनाने सुचवल्याचं त्याने पुढे सांगितलं. बाईबरोबर लग्न, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. त्याने ऐकलं नाही. १९७८ मध्ये त्याला दुसऱ्या संघाकडे धाडलं आणि सत्ताविशीतच त्याची कारकीर्द संपली. १९९५ मध्ये एड्सने तो गेला.

लाखो खेळाडू रोज त्याची टाळी देतात. मला हे आठवलं की फार वाईट वाटतं.

थर्डमॅन, तुमच्या प्रश्नाला जोडून पैशाची बाजूही बघा. १९८१ मध्ये टेनिसपटू बिली जीन किंगचे एका स्त्रीशी संबंध होते हे कोर्टातल्या दाव्यामुळे उघड झालं. चोवीस तासांत जाहिरातींचे करार गेले, असं तिनेच सांगितलंय. तिच्या सर्व्हिसमध्ये काही फरक पडला नव्हता.

फुटबॉलमध्ये जस्टिन फॅशनूने १९९० मध्ये उघडपणे सांगितलं, १९९८ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. त्याच्यानंतर ब्रिटनमध्ये खेळत असताना हे सांगणारा व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटू थेट २०२२ मध्ये दिसतो, ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स. वय १७. मधल्या बत्तीस वर्षांत त्या देशात एकही समलिंगी फुटबॉलपटू नव्हता असं कोण म्हणेल?

---

थर्डमॅन

क्रिकेटमध्ये?

---

जुनीपानं

पुरुषांच्या क्रिकेटमध्ये इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिस, २०११. न्यूझीलंडचा वेगवान गोलंदाज हीथ डेव्हिस नव्वदच्या दशकात कसोटी खेळला, त्याने २०२२ मध्ये सांगितलं. म्हणजे शेवटच्या कसोटीनंतर पाव शतकाने. एवढ्या मोठ्या खेळात मला चटकन सांगता येणारी नावं ही अशी मोजकी.

---

शिट्टी

मी मुलींच्या संघाला शिकवते. आमच्याकडे गणित उलटं आहे, आणि ते मला या धाग्यावर मांडायलाच हवं.

पुरुषांच्या खेळात असं धरलेलं असतं की तो एवढा धट्टाकट्टा, एवढा चांगला खेळतो, म्हणजे तो तसा असूच शकत नाही. मुलींच्या खेळात धरलेलं असतं की एवढं चांगलं खेळते म्हणजे तशीच असणार. मुलाचं खेळणं हा त्याच्या बाजूने पुरावा, मुलीचं खेळणं तिच्या विरुद्ध. मुळात समजूत एकच आहे: जोर, वेग, धडक हे पुरुषाचं, आणि पुरुष म्हणजे बाईवर प्रेम करणारा.

याची किंमत सगळ्याच मुली मोजतात. ज्यांना मुलगे आवडतात त्याही. "तशा" नाही हे दाखवायला त्या सामन्याआधी काजळ घालतात, केस कापायचे टाळतात, फोटोसाठी मुद्दाम वेगळ्या उभ्या राहतात. जी मुलगी खरोखर मैत्रिणीच्या प्रेमात आहे, ती बसमध्ये तिच्या शेजारी बसायचं टाळते. एका आईने मला विचारलं होतं, "खेळायला पाठवू, पण तिथे राहून ती बिघडणार नाही ना?" मुलगी दाराबाहेर उभी होती, तिने ऐकलं. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. मी घरी जाऊन आईशी बोलले, दोनदा बोलले, मुलगी परत आली. पण त्यानंतर ती गोल झाल्यावर कोणाला मिठी मारत नाही. मी नाही म्हणून सांगितलेलं नाही, तिच्या आईनेही सांगितलेलं नाही.

तरी एक गोष्ट खरी की बायकांच्या खेळात आता लपवाछपवी बरीच कमी झालीय. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या हॉकी संघात केट आणि हेलन रिचर्डसन-वॉल्श हे विवाहित जोडपं होतं, दोघींनी मिळून सुवर्णपदक जिंकलं. क्रिकेटमध्ये नॅट सिव्हर आणि कॅथरिन ब्रंट २०१७ च्या विश्वचषक विजेत्या टीममध्ये एकत्र खेळल्या, २०२२ मध्ये त्यांनी लग्न केलं. न्यूझीलंडच्या एमी सॅटर्थवेट आणि लिआ टाहूहू यांचंही तसंच, आणि एमीने बाळंतपणाची रजा घेऊन परत येऊन खेळून दाखवलं. धावपटू द्युती चंदने २०१९ मध्ये स्वतःबद्दल सांगितलं तेव्हा ती १०० मीटरच्या राष्ट्रीय विक्रमाची मानकरी होती. माझ्या मुली ही नावं आपापसात घेतात. मोठ्याने नाही, पण घेतात.

---

उत्तर_स्टँड

प्रेक्षक म्हणून लिहितो. मी पुरुष, माझा जोडीदार पुरुष, दोघेही फुटबॉलवेडे. टीव्हीवर बघतो. मैदानात जाणं बंद केलंय.

मेक्सिकोच्या सामन्यांत प्रतिस्पर्धी गोलरक्षकाने चेंडू मारला की स्टँडमधून समलिंगी पुरुषांसाठीची शिवी एका सुरात ओरडली जाते. फिफाने त्यांच्या महासंघाला वारंवार दंड केला, बंद दाराआड सामने खेळायला लावले. २०२३ मध्ये लास वेगासला अमेरिकेविरुद्धचा सामना याच ओरडण्यामुळे पंचांना भरपाईच्या वेळेतच संपवावा लागला. ओरडणारे म्हणतात, आम्ही कोणाला उद्देशून बोलत नाही. काठावरचा यांनी लिहिलेली हवेतली शिवी ती हीच, फक्त हजारो लोकांच्या तोंडची.

आणि ज्या फिफाने दंड केला, तिनेच २०२२ च्या कतार विश्वचषकात सात युरोपीय संघांच्या कप्तानांना सांगितलं की इंद्रधनुषी खुणेची 'वनलव्ह' पट्टी दंडावर बांधलीत तर पिवळं कार्ड दाखवू. सगळ्यांनी माघार घेतली. जर्मनीच्या खेळाडूंनी संघाच्या फोटोत तोंडावर हात ठेवले. वेल्सच्या काही पाठीराख्यांना इंद्रधनुषी टोप्या दारावरच काढायला लावल्या. एका टोपीने सामन्यात काय बिघडतं? त्या देशात समलिंगी संबंध गुन्हा आहे, आणि तरीही "सगळ्यांचं स्वागत आहे" असं आम्हाला सांगितलं जात होतं. मी तिकिटांसाठी वर्षभर पैसे साठवले होते. ते पैसे तसेच राहिले.

---

सरळसाधा

सगळ्यांबद्दल सहानुभूती आहे, पण एक वेगळं मत मांडतो. कोण कोणावर प्रेम करतो ही खासगी बाब आहे. ती मैदानावर, हॉटेलात, समुद्रकिनाऱ्यावर आणायचीच कशाला? शिवाय हल्ली वेगळ्या क्रीडास्पर्धा, वेगळ्या बोटी, वेगळी गावं निघाली आहेत. यातून दरी वाढतेच ना?

---

वाटसरू_मी

सरळसाधा, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, मीही तसंच लिहिते.

खासगी म्हणता, तर कुठल्याही पर्यटन कंपनीची जाहिरात उघडा. मावळता सूर्य, किनारा, हातात हात घातलेले एक पुरुष आणि एक स्त्री. हनिमून पॅकेज. जोडप्यांसाठी सवलत. फॅमिली रूम. अमेरिकेत सामन्याच्या मध्यंतरात मोठ्या पडद्यावर एखादं जोडपं दाखवून त्यांना चुंबन घ्यायला लावतात, अख्खं मैदान टाळ्या वाजवतं. कितीतरी वर्षं त्याच पडद्यावर दोन पुरुष दाखवले जायचे ते लोकांनी हसावं म्हणून. म्हणजे लैंगिकता तिथे आधीपासून आहे. आम्ही आणलेली नाही. तुमची आहे तिला रोमान्स म्हणतात, आमची दिसली की तिला खासगी बाब म्हणतात.

मी काउंटरवर जे मागते ते तुम्हाला न मागता मिळतं, एवढंच मला सांगायचंय. त्याहून जास्त काही नको.

वेगळ्या स्पर्धांबद्दल जुनीपानं नीट सांगतील.

---

जुनीपानं

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉनमध्ये सहावा आलेला टॉम वॉडेल नावाचा डॉक्टर होता. त्याने १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्पर्धा भरवली. नाव 'गे ऑलिंपिक्स' ठेवायचं होतं. उद्घाटन तोंडावर आलेलं असताना अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने कोर्टातून ते नाव वापरायला मनाई आणली, आणि स्पर्धा 'गे गेम्स' म्हणून झाली. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९८७ मध्ये निकाल समितीच्या बाजूने लागला. त्यानंतर काही आठवड्यांतच वॉडेल वारला.

पण सरळसाधा, या स्पर्धेत पात्रता फेरी नसते आणि समलिंगी असण्याची अटही नसते. कोणीही यावं, कुठल्याही वयाचं, कितीही हळू धावणारं. दार बंद करायचं असतं तर नियम असे केले नसते. ज्यांना काठावरचा यांच्यासारखं सोळाव्या वर्षी ग्लोव्हज काढून ठेवावे लागले, त्यांना पुन्हा घालता यावेत म्हणून ते दार होतं.

---

सातवा_मजला

प्रवासाच्या जागांबद्दल थोडं. १९६० च्या दशकात बॉब डॅमरन नावाचा अमेरिकन माणूस गावोगाव फिरून, आपल्यासारख्यांना जिथे निर्धास्त बसता येईल असे बार आणि ठिकाणं टिपून ठेवायचा. त्याची खिशात मावेल अशी पुस्तिका निघाली. १९७० मध्ये 'स्पार्टाकस' ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आली. डॅमरनच्या पुस्तिकेचा आकार लहान, कारण लपवता यायला हवी होती. दुसऱ्या प्रवाशांच्या पुस्तकांत काय बघावं ते असायचं, आमच्या पुस्तकांत कुठे मार बसणार नाही ते असायचं. १९८३ मध्ये या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय संघटनाही झाली.

बायकांसाठी 'ऑलिव्हिया' नावाच्या संस्थेने १९९० मध्ये पहिली समुद्रसफर काढली. मुळात ती १९७३ साली बायकांनी सुरू केलेली गाण्यांच्या रेकॉर्डची कंपनी. मला तिथून परत आलेल्या एका बाईंनी सांगितलं होतं, "पहिले दोन दिवस मी हात सोडत होते, सवयीने. तिसऱ्या दिवशी विसरले."

पण बोटीलाही बंदर लागतंच. १९९८ मध्ये केमन बेटांच्या सरकारने समलिंगी पुरुषांच्या एका सफरीच्या जहाजाला थांबू दिलं नाही.

---

काठावरचा

वेगळ्या जागांबद्दल माझं थोडं निराळं मत आहे, आणि ते आपल्याच लोकांना उद्देशून आहे.

मी अशा एका प्रसिद्ध किनाऱ्यावर गेलो होतो. कायद्याची भीती नाही, कोणाची नजर नाही असं वाटलं होतं. नजर होती. पोट किती सुटलंय, वय किती, रंग कुठला, चप्पल कुठल्या कंपनीची. तिथल्या जाहिरातींत एकाच साच्यातले तरुण, पीळदार, पैसेवाले पुरुष होते. आमच्यातल्या बहुसंख्यांना परवडणारं ते ठिकाण नाहीच. आणि संध्याकाळी बारमध्ये लग्नाआधीची पार्टी करायला आलेले भिन्नलिंगी घोळके, आमचे फोटो काढत, विचारल्याशिवाय. म्हणजे आम्ही प्रवासी म्हणून गेलो आणि प्रेक्षणीय स्थळ होऊन परतलो.

तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी एक साठीचं जोडपं, दोघे पुरुष, पाण्यातून बाहेर येताना एकमेकांना हात देत होते. दगड निसरडे होते. कोणीही वळून बघितलं नाही. तेवढ्यासाठी मी पुन्हा जाईन.

---

निळीशाई

मी ट्रान्स आहे, त्यामुळे माझा मुद्दा लैंगिक कलाचा नसून लिंगओळखीचा आहे. दोन्ही एकच समजू नका एवढी विनंती. पण जागा त्याच आहेत. पोहण्याच्या तलावाला दोन दारं असतात, आणि दोन्हींवर मला थांबवलं गेलंय. विमानतळावरच्या शरीर-स्कॅनरवर कितीतरी वर्षं कर्मचारी आधी पुरुष की स्त्री असं बटण दाबायचा, आणि यंत्र त्याप्रमाणे शरीरात वेगळं काय ते दाखवायचं. प्रवासाची सुरुवातच अशी झडतीने. मला पोहायला फार आवडतं. नऊ वर्षं झाली, पाण्यात उतरले नाही.

---

शिट्टी

निळीशाई, आमच्या सरावाच्या तलावात एक स्वतंत्र, एकट्याने वापरायची कपडे बदलायची खोली आहे. अपंग खेळाडूंसाठी केली होती, आता कोणीही वापरतं, कोणी विचारत नाही. तुमच्या जवळपासच्या तलावांत अशी आहे का ते मी चौकशी करून बघते. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

---

थर्डमॅन

आमचा रविवारचा संघ आहे, चाळिशी-पन्नाशीची माणसं. काल सामन्यानंतर झेल सुटला त्यावरून तोच शब्द आला. मी म्हटलं, हा शब्द आपण सोडूया. दोघं म्हणाले, एवढं काय मनावर घेतोस. एक जण काहीच बोलला नाही, खाली बघून बुटाची नाडी सोडत राहिला. बराच वेळ सोडत होता. मी त्याला काही विचारलं नाही. विचारणारही नाही.

काठावरचा, आमच्याकडे यष्टिरक्षक नाही. हे निमंत्रण आहे. उत्तराची घाई नाही.

---

पहिलीसहल

नवीन सदस्य आहे. मी आणि माझी मैत्रीण पहिल्यांदाच दोघीच बाहेर चाललोय. वाटसरूताई, काउंटरवरचा तो प्रश्न टाळायला तुम्ही काय करता?

---

वाटसरू_मी

आता मी आधीच लिहून टाकते. बुकिंग झालं की हॉटेलला हा मजकूर पाठवते:

"आम्ही दोघी जोडपं आहोत. आम्ही एकच डबल बेड असलेली खोली घेतली आहे आणि तीच हवी आहे. आल्यावर याबद्दल पुन्हा विचारणा होऊ नये यासाठी कृपया नोंद करून ठेवावी. आपल्याकडे आमचं स्वागत होईल याची खात्री उत्तरात द्यावी."

उत्तर गुळमुळीत आलं तर फुकट रद्द करता येण्याच्या मुदतीत मी बुकिंग रद्द करते. एक मात्र फार महत्त्वाचं: हे सगळीकडे करू नकोस. अजूनही साठहून अधिक देशांत समलिंगी संबंध गुन्हा आहे, काही ठिकाणी मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे, आणि तो कायदा पर्यटकांनाही लागू होतो. तिथे असं काही लेखी देऊ नये, दोन बेड घ्यावेत. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुम्ही कुठे चाललाय ते मला निरोपात कळव, मी कायदा बघून सांगते.

---

सातवा_मजला

एक भर: बुकिंग करताना 'ट्विन' आणि 'डबल' यांत गोंधळ होऊ देऊ नकोस. ट्विन म्हणजे दोन वेगळे बेड, डबल म्हणजे एक मोठा. आणि हॉटेलचं उत्तर फोनमध्ये साठवून ठेव, पोहोचल्यावर तिथे नेट नसलं तरी उघडेल असं.